फोटोमागची ओळ

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा तुम्ही विचारलंत, परक्या मुलखातल्या माणसांचे इतके जुने फोटो मी रात्र रात्र काय बघत बसते. फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहिते आहे.

१९२९ नंतरच्या मंदीत इथे अमेरिकेत शेतमालाचे भाव कोसळले, त्यातच दुष्काळ आणि धुळीची वादळं. शेतकऱ्यांना मदत करणाऱ्या सरकारी खात्याने १९३५ पासून रॉय स्ट्रायकरच्या हाताखाली छायाचित्रकार गावोगाव धाडले. खात्याच्या कामाला लोकांचा पाठिंबा मिळावा, हा हेतू. त्यातला डोरोथिया लँगचा फोटो तुम्ही कुठेतरी पाहिला असेलच: मजूर आई, हात गालाशी, दोन्ही खांद्यांवर तोंड लपवलेली मुलं. १९३६ सालचा, कॅलिफोर्नियातल्या निपोमोचा. जगभर गेला तो, पण लँगने त्या बाईचं नावच विचारलं नव्हतं. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्प्सन हे नाव लोकांना कळलं १९७८ मध्ये. चाळीस वर्षं ती नुसता गरिबीचा चेहरा होऊन राहिली. माझ्या मनाला हे फार लागतं.

म्हणून मला त्याच खात्याचा दुसरा छायाचित्रकार, रसेल ली, जास्त जवळचा वाटतो. १९४० मध्ये तो न्यू मेक्सिकोतल्या पाय टाउन नावाच्या खेड्यात गेला. टेक्सास-ओक्लाहोमाकडून आलेली कुटुंबं तिथे जमिनीत अर्धी खणलेली लाकडी घरं बांधून घेवड्याचं पीक काढत होती. लीने फ्लॅश लावून घरांच्या आतले फोटो काढले. जेवायला बसलेली माणसं, दुकान, नाच, सगळ्या गावाचं एकत्र गाणं. बायको जीन सोबत असायची, माहिती टिपून घ्यायला मदत करायची. त्यामुळे बऱ्याच फोटोंखाली माणसांची नावं आहेत. एका रंगीत फोटोत एक बाई स्वतः भरून ठेवलेल्या बरण्यांपाशी उभी आहे. हलाखी आहेच, पण ती घरची मालकीण दिसते. फक्त खालच्या ओळीत नवऱ्याचं नाव, तिचं नाही.

आई, ते वाचलं आणि तुझा माळवदावरचा फोटो आठवला. मागे कुणीतरी ‘सौ. वहिनी’ एवढंच लिहिलंय.

आणि बाबा, पत्र्याच्या पेटीत १९७२ च्या दुष्काळातला आजोबांच्या दुकानाचा फोटो आहे बघा. पायरीवर चार माणसं, मागे रिकामी पोती. आजोबा सोडले तर मी कुणालाच ओळखत नाही. ती कोण, खडी फोडायला कुठल्या कामावर जायची, उधारी कशी चालायची, ती मिलोची लाल ज्वारी खाऊन कसे दिवस काढलेत, हे आता तुम्हा दोघांशिवाय कोण सांगणार?

तेव्हा रोज दुपारी पेटीतले थोडे थोडे फोटो काढा. मागे मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने लिहा. पेन नको, शाई पुढच्या बाजूला उमटते. जास्त आठवलं तर वहीत लिहा आणि फोटोला नंबर द्या. आई, तुझ्या फोटोमागे तुझं माहेरचं नावही लिही. नावावरून तुमच्या दोघांचं जमलं नाही, तर दोन्ही लिहून ठेवा. दिवाळीत आले की आपण मिळून बघू.

तुमची,
लेक