लॉ फर्म निवडताना

संपादक महोदय,

नाव मोठे म्हणून फोर्टमधल्या लॉ फर्मला सगळीच कामे सोपवू नयेत. कंपनी खरेदी-विक्रीचे करार चोख करणारी फर्म व्यापारी दाव्यात कच्ची असू शकते. तिथे समन्स मिळाल्यापासून 120 दिवसांत लेखी कैफियत (प्रतिवादीचे लेखी उत्तर) दाखल झाली नाही, तर तो हक्कच जातो. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर वकिलाच्या नावाने प्रकरणे शोधता येतात. नुसता आकडा मोजू नका, आदेश उघडून तारखा कुणी मागून घेतल्या ते वाचा. (बरेच काही कळते!) दिवाळखोरीसाठी एनसीएलटीतले (राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणातले) आदेश वेगळे पाहा. आणि पहिल्या बैठकीला आलेले भागीदार पुढे मसुदा स्वतः तपासणार का, हे फीच्या पत्रात लिहूनच घ्या.

– एक कंपनी सचिव, अंधेरी