आमचं छप्पर भिंतीला बांधून देणाऱ्या मिस्त्रीदादांना

मिस्त्रीदादा,

सप्रेम नमस्कार. हे पत्र मुद्दाम उघड लिहिते आहे, कारण तुमचं खरं काम भिंतीत आणि पत्र्याखाली झाकलेलं आहे. ओटीवर उभं राहून ते कुणाला दिसत नाही.

३ जून २०२०च्या निसर्ग वादळात श्रीवर्धनपासून दापोली-मंडणगडपर्यंत छपरं उडाली, त्यात आमचंही गेलं. आधीच्या ठेकेदारानं कैच्या, म्हणजे छपराचा भार घेणारे त्रिकोणी सांगाडे, भिंतीवर नुसत्या टेकवल्या होत्या. बोल्ट पत्र्याच्या पन्हाळीत, खोलगट भागात मारलेले, म्हणजे पाणी नेमकं भोकावरून वाहणार आणि खाऱ्या हवेत गंज तिथूनच चढणार. वर वाळूची पोती ठेवून ‘आता हलत नाही’ असं सांगून तो पैसे घेऊन गेला. पोत्यांचा हिशेब तुम्ही आम्हाला समजावलात: ताशी १२० किलोमीटरच्या वाऱ्याचा जोर चौरस मीटरला ६५-७० किलोच्या घरात जातो, पत्र्याचं स्वतःचं वजन जेमतेम पाच किलो. वारा छपरावरून जाताना पत्र्याला दाबत नाही, वर ओढतो, आणि कडेला, कोपऱ्यात, आढ्यापाशी ही ओढ सर्वांत जास्त असते. वेग दुप्पट झाला की जोर चौपट. तिथे पोती काय करणार? ती घसरून खाली माणसांच्या डोक्यावर येणार.

तुम्ही आधी पत्र्याला हातच लावला नाहीत. प्रत्येक कैचीखाली चिऱ्याच्या भिंतीत दोन फूट खोल सळई सोडलीत, काँक्रीटनं भरलीत आणि कैची तिला नट-बोल्टनं आवळलीत. ते काँक्रीट पक्कं होईपर्यंत घर ताडपत्रीखाली राहिलं, घाई करणाऱ्यांना तुम्ही दाद दिली नाहीत. मग अर्धा मिलिमीटर जाडीचा पत्रा. आठ मिलिमीटरचे गॅल्व्हनाइज्ड जे-हुक, म्हणजे इंग्रजी J सारखे वाकवलेले बोल्ट, सगळे उंचवट्यावर, प्रत्येकाखाली डांबरी वॉशर आणि त्यावर लोखंडी टोपी. मध्ये फूटभर अंतरानं, पण कडेच्या आणि आढ्याच्या ओळीत एक उंचवटा सोडून एक. बाजूचा जोड दोन उंचवट्यांचा, वरखालचा सहा इंचांचा. पातळ पत्रा वाऱ्यात फडफडतो, भोकाभोवती चिरतो आणि बोल्ट जागेवर ठेवून निघून जातो, हे तुम्ही आमच्याच जुन्या पत्र्यावर बोट ठेवून दाखवलंत. वळचण दीड फुटांच्या आत आणलीत. पडवीचा पत्रा मुख्य छपरापासून तोडून वेगळा बसवलात, म्हणजे पडवी गेलीच तर घराचं छप्पर सोबत ओढून नेणार नाही.

पुढच्याच मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याच्या बाजूनं वर सरकलं. एक पत्रा जागचा हलला नाही.

तरीही दादा, मला सगळ्यात जास्त आठवतं ते काम आटोपल्यानंतरचं. अवजारं टेम्पोत गेली होती. तुम्ही चपला काढून परत आत आलात, आमच्या आजींचा हात धरलात आणि त्यांना घरभर फिरवलंत. ‘आजी, वारा सुटला की इथे बसायचं नाही,’ म्हणून त्रिकोणी भिंतीखालची त्यांची नेहमीची जागा दाखवलीत, कारण वरचे चिरे आधी तिथेच पडतात. माजघरातला खिडकी नसलेला कोपरा दाखवलात. वाऱ्याकडची दारं-खिडक्या अडसर घालून बंद ठेवायच्या, नाहीतर आत शिरलेला वारा खालून ढकलतो, वरचा ओढतो आणि छप्पर दोन्हीकडून सापडतं. आणि एकदम शांत झालं तर अंगणात यायचं नाही, वादळाचा डोळा वरून जात असेल तर वारा उलट दिशेनं पुन्हा येतो. सगळं त्यांच्याकडून एकदा वदवून घेतलंत. ऐंशीच्या पुढच्या बाईला इतक्या आदरानं, इतकं सावकाश समजावून सांगणारं तोवर कुणी भेटलं नव्हतं. पंचनामा करायला आलेल्या माणसानं तर त्यांच्याकडे पाहिलंही नव्हतं.

त्या हंगामात पत्र्याचे भाव चढले होते, नाडलेल्या माणसाकडून वाटेल ते मागता आलं असतं. तुम्ही दुकानाची पावती पुढे केलीत आणि मजुरी ठरली तेवढीच घेतलीत. कोकणात अशी माणसं अजून आहेत, त्यांची नावं वर्तमानपत्रात येत नाहीत, म्हणून वाटतं की ती उरलीच नाहीत.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे दर मे महिन्यात नट आवळतो, गंजलेले जे-हुक बदलतो, घराकडे झुकलेल्या माडाच्या सुक्या झावळ्या आणि नारळ उतरवतो, वादळाचा इशारा आला की टाकी काठोकाठ भरून ठेवतो. वाडीतल्या आणखी दोन घरांना कैच्या बांधून घ्यायच्या आहेत. त्यांनी दुसऱ्या कुणाला बोलावलेलं नाही, तुमच्या सवडीची वाट पाहत आहेत. जेवायला आमच्याकडेच यायचं, आजींनी बजावलं आहे.

तुमची ऋणी,
वाडीतली एक सूनबाई