घरासाठी कॅमकॉर्डर निवडताना : आई-बाबांना पत्र

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, तुमचे पत्र आणि सोबतचा तक्ता मिळाला. घरच्या चित्रीकरणासाठी कॅमकॉर्डर घेण्याचे तुम्ही मनावर घेतले आहे, याचा आनंद झाला. तुमच्या तक्त्यात प्रत्येक कॅमेऱ्यापुढे झूम आणि मेगापिक्सेल असे दोनच रकाने आहेत आणि निवड त्यांवरूनच करावी असा तुमचा कल दिसतो. मला मात्र हे दोन रकाने सर्वांत शेवटी पाहावेत असे वाटते. त्यांच्या आधी आवाज, मंद उजेड आणि हातात धरण्याची सोय असे तीन रकाने आखायला हवेत. एका मैत्रिणीने तिचा कॅमकॉर्डर सध्या मला वापरायला दिला आहे. तो टेबलावर ठेवूनच हे पत्र लिहीत आहे, त्यामुळे पुढचे बरेचसे पडताळून पाहिलेले आहे.

आई, तू तक्त्याखाली लिहिले आहेस की फोन असताना हे वेगळे यंत्र कशाला. तुझी शंका रास्त आहे. अर्ध्या मिनिटाचे चित्रण असेल, माणूस जवळ असेल आणि उजेड बरा असेल, तर चांगला फोन स्वस्तातल्या कॅमकॉर्डरपेक्षा सरस चित्र देतो, हे मान्य करायला हवे. परंतु तासभर चालणाऱ्या समारंभात फोन तापतो, त्याची जागा संपते, मध्येच कुणाचा तरी फोन येतो, आणि दूरच्या माणसाचा चेहरा जवळ आणायला गेले की चित्र फाटू लागते. कॅमकॉर्डर हे एकाच कामासाठी घडवलेले यंत्र आहे. ते मुठीत बसते, अंगठ्याखालच्या बटणाने सुरू होते आणि बॅटरी व कार्ड पुरेल तोवर चालू राहते. तुम्हा दोघांना सलग, निवांत चित्रण करायचे आहे, म्हणून मी कॅमकॉर्डरच्या बाजूने आहे. नुसत्या छोट्या तुकड्यांची हौस असती, तर फोनच पुरे असे लिहिले असते.

आता आवाज. घरच्या चित्रफिती वीस वर्षांनी लावल्या, तर चित्र थोडे धूसर असले तरी बघणारा चालवून घेतो. बोलणे कळले नाही तर मात्र पाचव्या मिनिटाला उठून जातो. तरीही जाहिरातीत आवाजाबद्दल जेमतेम एक ओळ असते. मी खोलीतला पंखा लावून, कॅमेरा टेबलावर ठेवून, थोड्या अंतरावर बसून बोलले आणि मग हेडफोन लावून ऐकले. बोलत होते तोवर सारे ठीक होते, पण दोन वाक्यांमध्ये थांबले की पंख्याची घरघर हळूहळू वर चढत होती आणि पुढचा शब्द उच्चारताच खाली दबत होती. बहुतेक घरगुती कॅमेरे आवाजाची पातळी आपोआप वरखाली करतात, त्याचा हा परिणाम आहे. शांतता झाली की कॅमेरा कान टवकारतो आणि नको ते टिपतो. ज्या कॅमेऱ्यात ही पातळी हाताने ठरवता येते, तो या एका कारणासाठी वरचढ मानावा.

अंतराचाही हिशेब आहे. मोकळ्या जागेत बोलणारा दुप्पट लांब गेला की माइकपर्यंत पोचणाऱ्या आवाजाची तीव्रता चौथाईवर येते. झूम चेहरा जवळ आणतो, आवाज जवळ आणत नाही. झूमबरोबर आवाजही जवळ आणणारा माइक म्हणून जे काही खपवले जाते, त्याने थोडाफार फरक पडतो, चमत्कार घडत नाही. उलट कॅमेरा धरणाऱ्याचा स्वतःचा आवाज सर्वांत मोठा येतो, त्याच्या बोटांची खसखस येते, आणि शांत खोलीत झूमच्या मोटरची बारीक गुणगुणही उतरते. म्हणून कॅमेऱ्याला बाहेरचा माइक जोडण्यासाठी ३.५ मिलिमीटरचे छिद्र आहे का, हे आधी पाहा. ते असेल तर कॉलरला लावायचा छोटा माइक जोडून आईच्या तोंडून जुन्या आठवणी अगदी स्वच्छ टिपता येतील. हेडफोनचे वेगळे छिद्रही हवेच, कारण त्याशिवाय माइक चालू आहे की नाही हे घरी येऊन ऐकेपर्यंत कळत नाही. खालच्या श्रेणीतल्या पुष्कळ कॅमेऱ्यांत ही दोन्ही छिद्रे वगळलेली असतात. माझ्या मते अशा कॅमेऱ्याची नावे तक्त्यातून तेथेच खोडावीत.

मंद उजेडाचे महत्त्व तुम्हाला निराळे सांगायला नको. घरातले बहुतेक प्रसंग संध्याकाळी, दिव्यांखाली घडतात. अंधारात चित्र कसे येईल हे मुख्यतः लेन्समागच्या सेन्सरच्या, म्हणजे उजेड टिपून त्याचे चित्र करणाऱ्या चकतीच्या, आकारावर आणि लेन्स किती उजेड आत घेते यावर ठरते. ज्याला एक इंची सेन्सर म्हणतात तो प्रत्यक्षात १३.२ गुणिले ८.८ मिलिमीटरचा असतो, तर १/२.३ इंची म्हणून ओळखला जाणारा सुमारे ६.२ गुणिले ४.६ मिलिमीटरचा, म्हणजे पहिल्याचे क्षेत्रफळ दुसऱ्याच्या चौपट. घरगुती कॅमकॉर्डरमध्ये याहूनही चिमुकले सेन्सर सर्रास असतात. लेन्सवर छापलेल्या एफ-आकड्यांचे असे, की तो आकडा जितका लहान तितका उजेड जास्त. तो झूम वाढवताना १.८ वरून ३.६ वर जात असेल, तर पूर्ण झूमवर चौथा हिस्साच उजेड आत येतो, आणि म्हणूनच दूरचा चेहरा जवळ घेताच चित्र मळकट दिसू लागते.

किमान अमुक लक्स (लक्स हे उजेड मोजण्याचे माप) उजेडात चालतो, या दाव्यावर विसंबू नका. प्रत्येक उत्पादक तो आकडा आपल्या पद्धतीने काढतो, आणि पुष्कळदा तो शटरची गती फार मंद करून, म्हणजे प्रत्येक चित्रासाठी उजेड जास्त वेळ आत घेऊन, मिळवलेला असतो. अशा चित्रात चेहरा दिसतो खरा, पण हलणारा हात धुरासारखा फराटा सोडतो. त्यापेक्षा पडदे ओढून, एकच दिवा लावून, गडद कपडे घातलेल्या माणसाचे चित्रण करावे आणि ते मोठ्या पडद्यावर पाहावे. मैत्रिणीच्या कॅमेऱ्यात माझ्या काळ्या स्वेटरवर रवाळ ठिपक्यांची सतत वळवळ दिसली आणि फोकस दोनदा मागे-पुढे होऊन मग चेहऱ्यावर स्थिरावला. एवढे चालण्यासारखे आहे. फोकस चेहरा सोडून मागच्या भिंतीवर जाऊन बसणारा कॅमेरा मात्र घेऊ नये. खिडकीकडे पाठ करून बसलेल्या माणसाचाही नमुना घ्यावा. चेहरा काळवंडत असेल तर उजेडाची भरपाई करणारे बटण वर सहज सापडते की मेनूत तीन पायऱ्या खाली दडले आहे, हे पाहावे.

दिव्यांवरून एक आनुषंगिक गोष्ट. विजेचा पुरवठा ५० हर्ट्झचा असेल, तर कॅमेरा सेकंदाला २५ किंवा ५० चौकटींवर (चौकट म्हणजे चित्रणातले एकेक चित्र) ठेवावा आणि पुरवठा ६० हर्ट्झचा असेल, तर ३० किंवा ६० चौकटींवर. अन्यथा काही दिव्यांखाली चित्रावर आडवे पट्टे सरकताना दिसतात. काही कॅमेऱ्यांत दोन्ही सोयी असतात, काहींत एकच असते.

बाबा, तुमचा हात अलीकडे थोडा थरथरतो, हे आडपडदा न ठेवता लिहिते, कारण कॅमेरा निवडताना ते ध्यानात घ्यायलाच हवे. चित्र स्थिर ठेवण्याच्या दोन रीती आहेत. एकीत लेन्समधला काचेचा भाग हाताच्या हालचालीच्या उलट दिशेने प्रत्यक्ष सरकतो; दुसरीत चित्राच्या कडा राखून ठेवून मधला भाग गणिताने सरकवला जातो, त्यामुळे चित्राची चौकट आवळते आणि कमी उजेडात हलल्याचा धूसरपणा तसाच राहतो. पहिली रीत असलेलाच कॅमेरा घ्यावा. तरीही पूर्ण झूमवर कोणतीच रीत पुरी पडत नाही. तेव्हा कोपर टेबलावर टेकावे किंवा कॅमेरा तिकाटण्यावर लावावा. तिकाटण्यावर लावल्यावर स्थिरीकरण बंद करणे बहुधा इष्ट, एरवी कॅमेरा नसलेली हालचाल शोधत बसतो आणि चित्र तरंगते.

आई, तुझ्या मनगटासाठी वजनाचा विचार करायला हवा, पण सर्वांत हलका तो सर्वांत सोयीचा असे नाही. फार हलके यंत्र अधिक हलते. दहा मिनिटे हातात धरून पाहिल्यावर उत्तर आपोआप मिळते. पट्टा घट्ट करता येतो का, सुरू-बंद करण्याचे बटण न बघता बोटाला सापडते का, मेनूतली अक्षरे तुझ्या चष्म्यातून वाचता येतात का, हे तू स्वतःच तपासावेस. उन्हात बाहेर उघडणारा पडदा जवळपास दिसेनासा होतो, म्हणून डोळ्याला लावायचे व्ह्यूफाइंडर असेल तर उत्तम. त्याच्या शेजारच्या छोट्या चाकाने चष्म्याच्या नंबराची तजवीज करता येते, पण हल्ली ही सोय वरच्या कॅमेऱ्यांतच उरली आहे.

आता तुमचे दोन रकाने. झूमचा आकडा ऑप्टिकल, म्हणजे लेन्समधल्या काचा सरकवून मिळणारा, असेल तेवढाच धरावा. डिजिटल झूम म्हणजे चित्राचा मधला तुकडा कापून ताणणे. चौपट डिजिटल झूममध्ये मूळ चित्राचा सोळावा भागच उरतो. तक्त्यातल्या शेवटच्या दोन कॅमेऱ्यांपुढे मेगापिक्सेलचा प्रचंड आकडा आहे, झूमपुढे फक्त डिजिटल असे लिहिले आहे, आणि फोकस स्थिर आहे. म्हणजे आत बारीक, न हलणारी लेन्स आहे आणि बाहेरचे खोके तेवढे कॅमकॉर्डरचे आहे. ते दोन्ही सोडून द्यावेत. घरात खरी गरज लागते ती रुंद दृश्याची. लेन्सचे नाभीय अंतर (ते जितके कमी तितके दृश्य रुंद) ३५ मिलिमीटर फिल्मच्या हिशेबाने २७ मिलिमीटरपासून सुरू होत असेल, तर तीन मीटरवरून साधारण चार मीटर रुंदीचा भाग चौकटीत बसतो. तीच सुरुवात ४० मिलिमीटरला होत असेल, तर जेमतेम २.७ मीटर बसतो आणि सगळी मंडळी एकत्र घ्यायला चित्रण करणाऱ्याला भिंतीला पाठ लावावी लागते. आकडेवारीच्या कागदात ही संख्या कोपऱ्यात असते, पण मी ती वीसपट झूमपेक्षा मोलाची मानते.

मेगापिक्सेलचे तर सोडूनच द्या. फुल एचडी चित्राची चौकट १९२० गुणिले १०८० म्हणजे सुमारे २१ लाख बिंदूंची असते आणि फोर-केची ३८४० गुणिले २१६०, म्हणजे सुमारे ८३ लाखांची. त्यापलीकडचे आकडे स्थिरचित्रांसाठी, आणि तेही बहुधा फुगवलेले. फोर-के असेल तर असू द्या, मात्र सेकंदाला १०० मेगाबिट गतीने केलेले फोर-के चित्रण तासाला सुमारे ४५ गिगाबाइट जागा खाते, आणि २४ मेगाबिटचे फुल एचडी जवळपास ११. तुमच्या संगणकाकडे पाहता रोजच्या वापरासाठी फुल एचडीच ठेवावे.

साठवणीबद्दल थोडे अधिक लिहिते, कारण येथे जुन्या सवयी उपयोगी पडत नाहीत. १९९५ साली आलेल्या डीव्ही पद्धतीत तासाभराची कॅसेट भरली की ती कपाटात जात असे आणि मूळ चित्रण तिथेच राहत असे. मेमरी कार्ड मात्र पुसून पुन्हा वापरले जाते, म्हणजे मूळ प्रत ठेवणे हे स्वतंत्र काम होऊन बसते. म्हणून दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर प्रती झाल्याखेरीज कार्ड पुसू नये, आणि त्यांतली एक डिस्क घराबाहेर, माझ्याकडे, असावी. सोनी आणि पॅनासोनिक यांनी २००६ मध्ये आणलेल्या एव्हीसीएचडी पद्धतीत लांब चित्रणाचे तुकडे होतात आणि ते कसे जोडायचे याची माहिती शेजारच्या फायलींत असते. त्यामुळे हवी ती फाइल उचलून न घेता कार्डावरचे सबंध फोल्डर जसेच्या तसे उतरवावे. एमपी४ मध्ये हा व्याप कमी आहे आणि दोन्हींतून निवडता येत असेल, तर तुम्ही एमपी४ निवडावे.

एक जादा बॅटरी सोबतच घ्या. ती त्याच कॅमेऱ्यासाठी आणखी काही वर्षे मिळेल अशी असावी, कारण लिथियम बॅटरी वापरली नाही तरी म्हातारी होते. दीर्घकाळ ठेवायची असेल, तर पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामी न ठेवता निम्मी भरलेली ठेवावी.

बाबा, तक्ता नव्या रकान्यांसह पुन्हा आखून पाठवा. वरचे निकष लावल्यावर त्यात दोन किंवा तीनच नावे उरतील असा माझा अंदाज आहे. दुकानात जाल तेव्हा स्वतःचे मेमरी कार्ड आणि हेडफोन घेऊन जा, प्रत्येक कॅमेऱ्यावर आईला दोन मिनिटे बोलू द्या आणि ते कार्ड घरी आणून टीव्हीवर शांतपणे पाहा. निवड झाली की पहिल्या चित्रणापूर्वी घड्याळ आणि तारीख तेवढी बरोबर लावून घ्या. पुढे फायली लावताना आपल्याला तिचाच आधार असेल.

कळावे. आशीर्वाद असावा.

तुमची लेक