मॉडेल इंजिनाला नारिंगी गंज फासू नका

मा. संपादक,

रविवारच्या पुरवणीत मॉडेल रेल्वेच्या छंदावर पान आलं, वाचून बरं वाटलं, पण इंजिन वापरातलं दिसावं म्हणून सगळीकडं नारिंगी गंज फासा असं जे त्यात दिलंय ते काही पटलं नाही बघा. असा गंज भंगारात उभ्या इंजिनावर दिसतो, रोज गाडी ओढणारं इंजिन शेडमध्ये जातं, धुतलं जातं, रंग लागतो, त्याचा मळ वेगळाच असतो.

परभणी नाहीतर पूर्णा स्टेशनच्या पुलावरून डिझेल इंजिनाकडं खाली बघा, धुराड्याभोवतीचं छत काजळीनं काळं (जुन्या, अमेरिकेच्या ॲल्को कंपनीच्या वळणाच्या डब्ल्यूडीएम-३ए जातीच्या इंजिनावर लई, डब्ल्यूडीपी-४ जातीच्या इंजिनावर त्यामानानं कमी) पण बोगी (म्हणजे डबा नव्हे, इंजिनाखालची चाकांची चौकट) मात्र काळी नसतेच, चाकं आणि ब्रेक घासून उडालेली लोखंडाची धूळ, ऑइल नि आपली माती मिळून तपकिरी करडा थर बसलेला असतो. डिझेल टाकीच्या तोंडाखाली ओलसर चकचकीत ओघळ. आणि पुढच्या काचेवर वायपर फिरतो तेवढाच भाग स्वच्छ, मास्किंग टेप त्या आकारात कापून चिकटवा नि मग धुळीचा हात मारा, एवढं एक जमलं तरी मॉडेल खरं वाटायला लागतं.

पहिल्यांदा मॅट म्हणजे बिनचकाकीचं वार्निश, नाहीतर गुळगुळीत प्लॅस्टिकवर मळ दाखवायची पावडर (वेदरिंग पावडर) टिकत नाही. मग पातळ केलेला तपकिरी ॲक्रिलिक रंग फटींमध्ये सोडायचा आणि वरचा लगेच पुसायचा, तोही वरून खालीच, पावसाचं पाणी तसंच ओघळतं ना, आडवं पुसलं की गेलं काम. विकतची वेदरिंग पावडर महाग पडते त्यांनी सॉफ्ट पेस्टलचे खडू काचपेपरवर घासावेत, चालतंय. निव्वळ काळा रंग टाळा, १:८७ च्या, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशी पट लहान, एवढ्याशा मॉडेलवर तो डांबर ओतल्यासारखा दिसतो, गडद करडा घ्या. मे महिन्यात आपल्याकडं ॲक्रिलिक ब्रशवरच वाळतं म्हणून सकाळी लवकर बसावं, आणि पावसाळी दमट हवेत वार्निशचा स्प्रे मारूच नये, पांढुरका पडतो. चाकाचा रुळाला टेकणारा भाग कोरा ठेवा, करंट तिथूनच आत जातो.

मनमाड-काचीगुडा लाईन मीटरगेज होती त्या काळातलं वाफेचं इंजिन कुणी करत असेल तर त्याला पांढरे ओघळ काढायला विसरू नये, क्षारवाल्या पाण्याचे. बोअरच्या पाण्यानं बादलीचं काय होतं ते मराठवाड्यात कुणाला सांगायची गरज नाही.

माझं म्हणणं एवढंच की पुन्हा असं पान काढाल तेव्हा फॉरेनच्या मॉडेलांऐवजी आपल्याकडच्या चालू इंजिनांचे फोटो छापा, बाजूनं, वरून, बोगीच्या जवळून, आणि रंगीत छापा. जरा लवकर जमवा, २०२३ च्या डिसेंबरात जालन्याहून वंदे भारत सुरू झाली, आता लाईनीवर विजेच्या तारा आल्यात, डिझेल इंजिनं दिवसेंदिवस कमी दिसायला लागलीत.

आपला एक वाचक,
परभणी