दान मागा, पगारातून परस्पर कापू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात आपल्याकडे एका वाचकाचं पत्र होतं की ज्यांची कमाई बरी आहे त्यांना दान कायद्यानेच सक्तीचं करा. वाचून जरा हसूच आलं, कारण मी आस्थापना शाखेत पगारबिलं करतो आणि सक्तीचं दान कसं दिसतं ते माझ्या टेबलावरच येतं.

कुठे पूर आला, दुष्काळ पडला की एक दिवसाचा पगार मदतनिधीला द्यायचं पत्र फिरतं. त्यात 'ऐच्छिक' असं असतं, आणि आमच्याकडे खाली अजून एक ओळ असते, ज्यांची इच्छा नाही त्यांनी तसं लेखी कळवावं. म्हणजे द्यायचं असेल तर गप्प बसायचं, आणि द्यायचं नसेल तर अर्ज लिहायचा, साहेबांच्या केबिनमध्ये न्यायचा, साहेब चष्म्यावरून बघत विचारणार, काय हो एक दिवसाचंही जड झालं का, आणि चहाच्या वेळेपर्यंत सगळ्या ऑफिसला कळलेलं असतं. आमच्या एका शिपायाच्या हातात सोसायटीचा हप्ता, एलआयसी आणि लग्नाचं कर्ज जाऊन काय उरतं ते मला माहितीये, स्लिप मीच काढतो ना. तो कसला अर्ज देतोय. कापा म्हणतो आणि जातो.

केरळात 2018 च्या पुरानंतर असंच झालं होतं, महिन्याचा पगार द्या आणि नको असेल तर नकार लिहून द्या. हायकोर्टाने त्या नकारपत्राच्या अटीलाच स्थगिती दिली, सरकार सुप्रीम कोर्टात गेलं तर तिथेही दाद मिळाली नाही. तरी आपल्याकडे ती ओळ काही जात नाही.

आता कोणी म्हणेल पैसे चांगल्या कामालाच जातात ना, मग कुरकुर कशाला. अहो, सक्ती करायचीच तर सरळ कर लावा की! आपल्या महाराष्ट्राने ते करून दाखवलंय. माझी आजी 72 च्या दुष्काळात माण तालुक्यात खडी फोडायला जायची, तिथे खायला सुकडी मिळायची. त्याच काळात रोजगार हमी उभी राहिली आणि तिच्या पैशासाठी 1975 ला व्यवसाय कर आला. आजही माझ्या पगारातून महिन्याला 200 आणि फेब्रुवारीत 300, वर्षाचे 2500 जातात, त्याला कोणी दान म्हणत नाही, साहेबांचेही तेवढेच जातात आणि कोणाला तोंड लपवायला लागत नाही (साहेबांचा पगार माझ्या तिप्पट आहे तो भाग वेगळा). शिवाय कराचा हिशोब विधानसभेत मांडावा लागतो. दान दिलं म्हटल्यावर हिशोब मागायला माणूस लाजतो, आणि खरी गोम तिथेच आहे.

सक्ती कुठेच नको असंही माझं म्हणणं नाही. धर्मादाय हॉस्पिटलांना 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांना फुकट आणि 10 टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्याव्याच लागतात, बिलांच्या 2 टक्के रक्कमही त्यासाठी वेगळी ठेवावी लागते. ही सक्ती बरोबरच आहे, कारण धर्मादाय म्हणून सवलती घेतल्यात, त्याची ही परतफेड आहे. पण रेशनकार्ड आणि उत्पन्नाचा दाखला घेऊन काउंटरवर उभं राहून बघा, आधी डिपॉझिट भरा म्हणतात, खाटा शिल्लक नाहीत म्हणतात. जिथे सक्ती हवी तिथे ती ढिली आणि शिपायाच्या पगारावर मात्र कडक, असं का? मोठ्या कंपन्यांचं सीएसआरचं, म्हणजे समाजकार्यावर खर्चायचं नफ्यातलं 2 टक्केही कायद्याने आलेलं, तो खर्च झाला, त्याचे दानशूर म्हणून बोर्ड कशाला लावता.

आणि मनापासून द्यायचं म्हटलं की माणसं कुठल्या थराला जातात ते आम्हा सातारकरांना सांगायला नको. कर्मवीर अण्णांच्या, म्हणजे भाऊराव पाटलांच्या बोर्डिंगातली पोरं उपाशी राहू नयेत म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. त्यांना कुठलं परिपत्रक आलं नव्हतं. उलट रक्कम आधीच लिहिलेली पावती घेऊन दारात आलेल्या मंडळाच्या पोरांना आपण वर्गणी देतो ती कशासाठी, हे ज्याचं त्याला माहीत.

माझी मागणी छोटी आहे. पत्रातली ती ओळ उलटी करा, ज्यांना द्यायचंय त्यांनीच लेखी कळवावं आणि किती द्यायचं तेही त्यांनीच लिहावं, एका दिवसाचं कोणी पाच दिवसांचंही देईल. पैसे कमी जमतील अशी भीती असेल तर मग आधीचं सगळं ऐच्छिक होतं असं म्हणू तरी नका. आणि मदतीच्या कामाला पैसे कमीच पडत असतील तर बजेटमध्ये तरतूद करा, कर लावा, मी बिलात कापून देईन.

आपला,
पगारबिलं करणारा एक कर्मचारी, जि. सातारा
(नाव छापू नये, साहेब पेपर वाचतात)