बाबांच्या पंच्याहत्तरीला मी येत नाहीये, त्याबद्दल

प्रिय आई-बाबा,

फोन केला की आई रडते आणि बाबा "बरं, ठीक आहे" म्हणून फोन परत आईकडे देतात, त्यामुळे लिहूनच पाठवतेय. जानेवारीत मी येत नाहीये. तिकीट कॅन्सल केलं, बरेचसे पैसे परत आलेत, तेव्हा तो विषय काढू नका. समीरच्या पाठीचं ऑपरेशन झालंय, डॉक्टरांनी जड काही उचलायचं नाही म्हणून सांगितलंय, आणि इथे अमेरिकेत, सिराक्यूजला, जानेवारी म्हणजे ऐन बर्फाचा महिना. त्याला आणि ईराला इथे टाकून मी तिकडे पैठणी नेसून ओवाळणार, हे मला जमणार नाही, आणि आई, तुलाही ते आवडलं नसतं, खरं सांग. मोठ्या काकूच्या वेळी तू काय केलंस ते मला आठवतंय.

आता ताई म्हणेल दारातला बर्फ काढायला माणूस लाव. लावला होता. गेल्या वर्षीचा प्लोवाला, म्हणजे गाडीला पातं लावून बर्फ ढकलणारा, सातला येतो म्हणायचा आणि अकराला उगवायचा, तोवर ईराची शाळा भरलेली असायची, आणि यंदा तर तो फोनच उचलत नाहीये. फावड्याने मी काढू शकते, पण ओला बर्फ किती जड असतो ते तुम्ही हातात घेतल्याशिवाय कळणार नाही, आणि बर्फ उपसताना हार्ट अटॅक येतात ही बातमी बाबांनीच मला फॉरवर्ड केली होती. म्हणून गवत कापायचा ट्रॅक्टर आहे ना, त्यालाच पुढे बर्फ ढकलायचं पातं लावून घेतलंय, सेकंडहँड, 42 इंची.

बाबा, तुम्ही फोनवर "कुणाकडून लावून घेतलंस?" विचारलंत. मी लावलं. पुढचं तुमच्यासाठी आहे, आईने वाचलं नाही तरी चालेल.

आधी खालचा डेक, म्हणजे गवत कापायच्या पात्यांचा डबा, काढावा लागतो, त्याच्या जागी एक लांब फ्रेम जाते. ती मागे एक्सलजवळच्या ब्रॅकेटमध्ये अडकते, म्हणजे ढकलायचा जोर पुढच्या नाजूक चाकांवर न येता मागे जातो. तुम्ही असतात तर सगळ्यात आधी हेच वाकून बघितलं असतंत. सगळे बोल्ट नुसते हाताने लावले, पातं लायनीत आल्यावरच पाना घातला. टायरची हवा दोन्हीकडे सारखी केली, मगच पट्टीने पात्याची दोन्ही टोकं जमिनीपासून मोजली. पात्याच्या खाली लोखंडी बूट असतात, त्यांना स्किड शू म्हणतात, त्यांच्या दांड्यावरचे वायसर वरून काढून खाली टाकले की पातं वर उचललं जातं. आमचा ड्राइव्हवे खडीचा, म्हणून जमीन गोठेपर्यंत एक इंच वर ठेवायचं, एकदा कडक गोठली की अर्धा इंच, म्हणजे तुमचे चार सूत. नाहीतर बर्फाबरोबर सगळी खडी लॉनमध्ये जाते आणि एप्रिलमध्ये ती वेचत बसा.

खरा वेळ गेला स्प्रिंगांमध्ये. पात्याच्या मागे दोन स्प्रिंगा असतात. खालची कड दगडाला अडली की पातं पुढे झुकतं, त्यावरून निघून जातं आणि स्प्रिंगा त्याला परत उभं करतात. सैल ठेवल्या तर साध्या बर्फालाही पातं मान टाकतं, फार आवळल्या तर अडल्यावर सगळा हिसका फ्रेमला बसतो. आणि दोन्हीकडचा ताण सारखा पाहिजे, म्हणून नटाच्या बाहेर आलेले आटे दोन्ही बाजूंना मोजले, टॉर्च तोंडात धरून. तुमची लुना रात्री उघडलेली असायची तेव्हा बॅटरी धरायचं काम माझं असायचं आणि "उजेड माझ्या डोळ्यात नको, नटावर पाड" म्हणून ओरडा बसायचा. मी झोपेने डुलायचे, पण आत जायचे नाही. मग काळ्या हातांनीच तुम्ही माझ्या तोंडात बडीशेपेची गोळी टाकायचात आणि आई आतून "अहो, हात!" म्हणून ओरडायची.

मागच्या चाकांना साखळ्या लावल्यात आणि वजनं पण. आपल्याकडे ट्रॅक्टरच्या टायरात पाणी भरतात तसं इथे न गोठणारं लिक्विड भरतात, ते मात्र अजून केलेलं नाही, गरज पडली तर बघू. हा काही बुलडोझर नाही हे मला माहितीये. तीन-चार इंच पडला की एक फेरी मारायची, फूटभर साठू द्यायचाच नाही. आणि ढीग पहिल्या दिवसापासूनच लांब सारायचे, कारण ते गोठून दगड झाले की पुढच्या बर्फाला जागाच उरत नाही. रस्त्याकडे तोंड करून उभं राहिलं की सरकारी प्लो डावीकडून येतो आणि आमच्या तोंडाशी बांध घालून जातो, म्हणून आपला ढीग उजवीकडे लावायचा, म्हणजे तो परत आपल्याच दारात येत नाही. रस्त्यावर ढकलायला कायद्यानेच बंदी आहे.

आई, आता तू वाच. तुला वाटतं तसं काही नाहीये. मी डोक्यापासून पायापर्यंत गुंडाळलेली असते, फक्त डोळे उघडे. गॅरेजचं दार पूर्ण उघडल्याशिवाय इंजिन चालू करत नाही. घर गरम आहे, लाईट गेले तर छोटा जनरेटर आहे, समीर गादीवर पडून मला खिडकीतून सूचना देतो. रात्री मऊ भात, मेतकूट आणि तूप. आणि 2022 च्या नोव्हेंबरात सहा फूट पडला ती बातमी बफेलोकडची, इथून दीडशे मैलांवरची. इथेही वर्षाला दहा फुटांच्या वर पडतो हे खोटं नाही, जवळच्या लेक ओंटारिओ या मोठ्या तळ्याची कृपा, पण तो हप्त्याहप्त्याने पडतो गं, एकदम नाही.

मी एप्रिलमध्ये येतेय, ईराला घेऊन, तीन आठवडे. पंच्याहत्तरी तेव्हा करू. जानेवारीत घरातल्या घरात औक्षण करा, ताईला शेवयाची खीर करायला सांगा, मला व्हिडिओवर घ्या. हॉल बुक केला असेल तर सोडून द्या. नातेवाईक काय म्हणतील ते मला म्हणतील, तुम्हाला नाही. बाबा, तुम्ही "काही बिघडत नाही" म्हणता तेव्हा किती बिघडलेलं असतं ते मला कळतं. पण यावेळी खरंच काही बिघडू देऊ नका.

आणि हो, टाकीचा बॉल कॉक बघायला गच्चीवर चढायचं नाही. स्टेंट टाकलेल्या माणसाने शिडीवर चढायचं नसतं, प्लंबर बोलवा, पैसे मी देते. "तू ट्रॅक्टर चालवतेस ते चालतं का?" असं म्हणणार आहात ते माहितीये, तरी नाही. संध्याकाळची गोळी जेवणाआधी की नंतर हे दोघांनी दोन वेगळं सांगितलंय मला, डॉक्टरांना विचारून कागदावर लिहून फ्रीजवर चिकटवा. आई, गुडघ्याचा पट्टा कपाटात ठेवायला आणलेला नाही. लाडूंचं पार्सल पाठवू नकोस, पोस्टाचा खर्च लाडवांपेक्षा जास्त होतो. मेतकूट मात्र संपत आलंय.

तुमची,
मनू

ता.क. बाबा, स्प्रिंग ताणायच्या आयबोल्टचा (डोक्याला कडी असलेल्या बोल्टचा) फोटो वेगळा पाठवलाय. व्हायब्रेशनने नट सैल होतोय. डबल नट मारू की आत नायलॉनची रिंग असलेला नायलॉकचा घेऊ? उद्या रात्री बर्फ सांगितलाय, त्याआधी कळवा.