माझ्या आईचं ऐकून घेणाऱ्या टेक्निशियन दादांना

दादा, नमस्कार.

काल रात्री आमच्या डिशवॉशरचा तो रिन्स एडचा, म्हणजे भांडी कोरडी निघावीत म्हणून दारातल्या टाकीत घालतात ते लिक्विड संपल्याचा, दिवा परत लागला. तुम्हाला वाटेल, झालं, परत तेच सुरू. पण आई आतून ओरडली, "अगं ये, खरंच संपलंय!" मी धावत गेले तर ती दार आडवं उघडून टाकीच्या झाकणाजवळच्या त्या छोट्या गोल खिडकीकडे बोट दाखवत होती, एरवी काळीभोर दिसते ती आता फिकट झालेली, म्हणजे टाकी खरोखर रिकामी. कितीतरी महिन्यांनी तो दिवा खरं बोलला होता. आईचा चेहरा बघून मला एकदम भरून आलं आणि तेव्हाच ठरवलं की तुम्हाला लिहायचं. तुमचा नंबर माझ्याकडे नाही, नावसुद्धा नीट विचारून ठेवलं नाही, ते चुकलंच, म्हणून असं सगळ्यांसमोर लिहितेय, कुणीतरी पोचवेल तुमच्यापर्यंत.

आईची बोटं सुजतात, सकाळी तर मूठ वळत नाही, डिशवॉशर घेतला तोच त्यासाठी. मध्ये काही महिने आम्ही घरी नव्हतो, मशीन बंद होतं, आणि परत आल्यापासून तो चांदणीच्या खुणेचा दिवा जायचं नावच घेईना. टाकी काठोकाठ भरलेली, तरी दिवा आपला चालू.

तुमच्या आधी तिघं येऊन गेले. पहिल्याने लिक्विड भरा म्हणून सांगितलं, भरलंय म्हटलं तर दर वेळी किती लिक्विड सुटायचं तो डोस थेट सहावर नेऊन ठेवला आणि निघून गेला, त्यानंतर काचेच्या ग्लासांवर निळसर थर दिसायला लागला. दुसऱ्याने मशीनला हातही लावला नाही, लांबूनच बोर्ड गेलाय, बदलावा लागेल म्हणाला. आणि तिसरा, त्याचं आठवलं की अजून हातपाय थरथरतात माझे, त्याने आई समोर उभी असताना मला विचारलं, "यांनी ह्यात मीठ वगैरे ओतलंय का?" आई म्हणाली, जड पाण्यासाठीचं मीठ खाली तळाच्या टाकीत जातं, त्याची खूण वेगळी आहे, वळणाऱ्या बाणांची, मला माहितीये. तो ऐकतच नव्हता, मोबाईल बघत होता.

त्या दिवसापासून आईने मशीन लावणंच सोडलं. म्हणाली, माझ्या हातून काही भलतंच पडलं असेल आणि ते ताटल्यांवर राहून तुमच्या पोटात गेलं तर? आणि त्या सुजलेल्या बोटांनी सगळी भांडी हाताने घासायला लागली. मी ऑफिसातून येईपर्यंत सगळं घासून पालथं घातलेलं असायचं, मला करू द्यायची नाही. एका दिव्यापायी. खरं तर दिव्यापायी पण नाही, त्या एका प्रश्नापायी.

आता मुख्य गोष्ट लिहिते. आईने एक गोष्ट पहिल्यापासून पकडली होती. दार उघडून परत लावलं की दिवा लागतो आणि दारावर बाहेरून, टाकी आहे त्या जागी हलकं थापटलं की विझतो, असं ती तिघांनाही सांगायला गेली. एकाने ऐकून न ऐकल्यासारखं केलं, एक म्हणाला काकू, असं काही नसतं. आणि दादा, मी पण तिला म्हणाले होते की आई, त्यांना त्यांचं काम करू दे. हे मी विसरू शकत नाहीये.

तुम्ही आलात तेव्हा तिने पुढे येऊन बोलायचं सोडूनच दिलं होतं. दाराच्या चौकटीत उभी होती. तुम्ही खाली बसून पहिला स्क्रू सैल करायला घेतला आणि ती मागून अगदी हळू म्हणाली, "थापटलं की जातो तो." बस, एवढंच. तुम्ही थांबलात. हातातला स्क्रूड्रायव्हर फरशीवर ठेवलात, पूर्ण वळून तिच्याकडे बघितलंत आणि म्हणालात, "मावशी, परत सांगा बरं, नक्की कुठे थापटता?"

स्क्रूड्रायव्हर खाली ठेवलात ना, ते माझ्या डोळ्यासमोरून जात नाही. काम चालू ठेवून हं हं करता आलं असतं, सगळे तेच करतात. तुम्ही हात रिकामे केलेत. आई पुढे आली, दाखवलं, तुम्ही तिथेच दोन बोटांनी टकटक केलंत आणि दिवा गेला. "अहो मावशी, बिघाड तर तुम्हीच शोधलाय," म्हणालात आणि मग पुढचं सगळं तिलाच समजावत बसलात, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, आणि मला त्याचा इतका आनंद झाला.

काय झालं होतं ते आता आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते. टाकीत एक छोटा फ्लोट असतो, त्यात लोहचुंबक, लिक्विड असलं की तो वर तरंगतो आणि बाहेरच्या बारक्या स्विचला कळतं की माल आहे. मशीन बंद होतं तेवढ्यात आतलं लिक्विड सुकून चिकट झालेलं. दार आडवं केलं की फ्लोट सरकायचा आणि दार लावल्यावर चिकटामुळे वर यायचाच नाही, थापटलं की सुटायचा. तुम्ही सिरिंजने सगळं ओढून काढलंत, कोमट पाण्याने दोन-तीनदा धुतलंत, त्यातून निघालेल्या लाळेसारख्या तारा मी पण बघितल्या. बोर्डाला काहीही झालेलं नव्हतं.

डोस सहावरून तीनवर आणलात आणि आईला सांगितलंत की ग्लासावर पाण्याचे थेंब वाळल्याचे डाग दिसले तर एकेक वाढवा, निळसर थर किंवा रेघा आल्या तर कमी करा, आणि पांढरी खडूसारखी भुकटी बसली तर ती जड पाण्याची, तिथे मीठ बघायचं. मग आईने भीत भीत विचारलंच, दिवा लागला असताना धुतलेल्या भांड्यांत जेवलो, काही होणार नाही ना? तुम्ही म्हणालात, मावशी, हे लिक्विड शेवटच्या पाण्यात मिसळतं, त्याने पाणी थेंब धरून न बसता पसरून ओघळतं, म्हणून भांडी कोरडी निघतात. ते संपलं तरी मशीन चालतं, भांडी स्वच्छच असतात, थोडी ओली राहतात इतकंच. आईने एवढा मोठा श्वास सोडला की मला ऐकू आला. महिनोन्महिने ती हे मनात घेऊन बसली होती आणि मला बोलली नव्हती.

जाताना टाकी तुम्ही भरली नाहीत, बाटली तिच्या हातात दिलीत, तिची बोटं थरथरत होती, थोडं बाहेर सांडलं, तर काहीच न बोलता फडका पुढे केलात, म्हणालात सांडलेलं पुसायचं, नाहीतर आत फेस होतो, आणि झाकण टक् आवाज येईपर्यंत दाबायचं, नाहीतर गळत राहतं आणि टाकी उगाच लवकर रिकामी होते.

दादा, माणूस भला असतो म्हणजे काय करतो ते मी त्या दिवशी आमच्या स्वयंपाकघराच्या फरशीवर बघितलं. आपल्याकडे साठीच्या पुढच्या बाईने मशीनबद्दल काही सांगितलं की लोकांचे कान आपोआप बंद होतात, हॉस्पिटलात, बँकेत, सगळीकडे तेच. आणि रोज ते मशीन वापरणारी, त्याचा आवाज न् आवाज ओळखणारी तीच असते. तुमच्यासारखी माणसं आहेत, कमी असतील पण आहेत, हे कळलं की पुढचे कितीतरी दिवस बरे जातात. ज्यांनी तुम्हाला असं ऐकायला शिकवलं त्यांनाही माझा नमस्कार सांगा.

काल रात्री टाकी आईनेच भरली. मी हात पुढे केला तर बाजूला सारला. दिवा गेला, मशीन लावलं, आणि सकाळी ग्लास उजेडात धरून बघत होती.

मी हे लिहितेय म्हटल्यावर शेजारी येऊन बसलीये आणि म्हणतेय की त्यांना हे नक्की लिही, झाकण टक् वाजेपर्यंत दाबलं होतं.